पहिलीच्या दप्तरातली तिसरी भाषा

राज्य सरकारने १६ एप्रिल २०२५ रोजी शासन निर्णय काढून मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली, तेव्हा माझी भाची पहिलीत जाणार होती, त्यामुळे या बातमीकडे मला केवळ राजकारण म्हणून पाहता आले नाही. १७ जूनच्या सुधारित निर्णयातून ‘अनिवार्य’ हा शब्द गेला. परंतु हिंदीऐवजी दुसरी एखादी भारतीय भाषा हवी असल्यास त्या इयत्तेत किमान २० विद्यार्थी हवेत अशी अट आली, आणि ज्या शाळेचा एकूण पटच तेवढा नाही तिथे हा पर्याय कागदावरच राहणार होता. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, याचा मला मनापासून आनंद झाला.

हिंदीशी माझे वैर नाही. आम्ही ती पाचवीपासून शिकलो आणि ती आवडलीही. आक्षेप वयाला आहे. लिपी एकच असल्याने हिंदी मुलांना सोपी जाईल, असे सांगितले जाते. मला मात्र नेमकी याच सारखेपणाची भीती वाटते, कारण जे मूल ‘पाणी’ आणि ‘कवी’ लिहायला नुकतेच शिकत आहे, त्याने पुढच्याच तासाला ‘पानी’ आणि ‘कवि’ लिहायचे, तर त्याच्या मराठी शुद्धलेखनाचा पाया भक्कम होण्याआधीच हलेल. शिवाय दोनच शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात अशा शाळांत हा तास कोण घेणार होते?