चौदाव्या लेव्हलला अडकलेली धनुर्धारी

प्लेटेस्टच्या दिवशी, म्हणजे तयार होत असलेला गेम बाहेरच्या माणसाला खेळायला देतो तेव्हा, माझं काम एकच असतं, गप्प बसायचं. खेळणाऱ्याला बटण सापडलं नाही, तो भलत्याच वाटेला गेला, तरी तोंड उघडायचं नाही. शेजारच्या स्क्रीनवर त्याचा खेळ बघायचा आणि वहीत लिहायचं. त्या दिवशी मला हे फार जड गेलं.

आमचा गेम अ‍ॅक्शन आरपीजी, म्हणजे एक पात्र घेऊन लढत लढत त्याची ताकद वाढवत न्यायची. राक्षसांच्या झुंडी, दर लेव्हलला नवं कौशल्य घ्यायला एक स्किल पॉइंट, आणि तो लावायला फांद्या फुटत जाणारी स्किल ट्री. लावलेले पॉइंट काढून पुन्हा वाटायचे म्हणजे रिस्पेक, आणि त्याचा सगळा हिशेब माझ्याकडे होता. प्रत्येक पॉइंट काढायला गेममधलं गोल्ड लागायचं आणि लेव्हल वाढेल तसा दर चढायचा. एक्सेल शीटमध्ये ती चढण मला अगदी बरोबर वाटत होती.

त्या दिवशी चाळिशीच्या एक बाई आल्या होत्या. मोबाइलवर कोडी सोडवायची सवय, पण असा गेम पहिल्यांदाच हातात घेतलेला. त्यांनी धनुर्धारी निवडली आणि दुसऱ्याच लेव्हलला थंडीच्या बाणांची फांदी धरली. शत्रूची चाल मंदावते असं तिथं लिहिलं होतं, नवख्या माणसाला त्याचा आधार वाटणारच. दोन तास त्या मजेत खेळल्या. चौदाव्या लेव्हलला पहिल्या अंकाचा बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, समोर आला, आणि तो बर्फाचा होता.

चार वेळा मेल्या. पाचव्यांदा मेल्यावर हळूच म्हणाल्या, "याला थंडीनं काही होत नाहीये." अचूक निदान! त्यांनी ट्री उघडली, आगीच्या बाणांचं वर्णन नीट वाचलं आणि थंडीच्या पहिल्या नोडवर, म्हणजे त्या फांदीवरच्या पहिल्या स्किलवर, क्लिक केलं. लाल अक्षरं आली : आधी पुढचे नोड काढा. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवून नोड मोजले. आठ. जवळचं गोल्ड तीन नोडांपुरतं. तरी त्यांनी टोकाकडचे तीन काढले. गोल्ड संपलं, मूळ नोड जागेवरच, आणि बाण पहिल्यापेक्षाही दुबळे. थोडा वेळ बघत राहिल्या, मग तिन्ही पॉइंट होते तिथंच परत लावले. हेडफोन काढून मला विचारलं, "नवीन कॅरेक्टर घेऊन पहिल्यापासून खेळले तर चालेल का?"

मी मान हलवली. त्यांनी तलवारवाला घेतला. सहाव्या लेव्हलपर्यंत गेल्या तरी एकही पॉइंट लावला नाही. "आता नीट विचार करूनच लावीन," म्हणाल्या. माझ्या सिस्टमनं दोन तासांत एका माणसाला पॉइंट लावायची भीती शिकवली होती, आणि हे मला बॉसपाशी अडकण्यापेक्षा जास्त लागलं.

ही भीती या प्रकारच्या गेमना नवी नाही. 'डायब्लो २' २००० साली आला तेव्हा त्यात रिस्पेक नव्हता. एक पॉइंट चुकला तर तो कायमचा, म्हणून पुढच्या मोठ्या स्किलसाठी लोक पॉइंट साठवून ठेवायचे. २०१० मध्ये १.१३ पॅच, म्हणजे गेमची सुधारित आवृत्ती, आला तेव्हा कुठे अकारा या गेममधल्या पात्राकडून दर डिफिकल्टीला, म्हणजे प्रत्येक काठिण्यपातळीला, एकदा रिस्पेक मिळू लागला. आमचे लीड, म्हणजे टीमचे प्रमुख, याच गेमवर वाढलेले. संध्याकाळी मी त्यांच्यापुढे वही ठेवली तेव्हा ते म्हणाले, "अगं, फुकट केलंस तर निवडीला वजन काय राहणार? सगळेच धनुर्धारी सारखे होतील." त्यांचं म्हणणं मला पटतं. पण वजन निवडीला असतं. दुसऱ्या लेव्हलला पुढचा बॉस कशाचा आहे हे ठाऊकच नसतं, तिथं खेळणारा अंदाज बांधतो. त्या अंदाजाचा दंड आपण चौदाव्या लेव्हलला वसूल करत होतो, तोही आठपट.

एक सुचवणी आली की 'टॉर्चलाइट २' सारखे शेवटचे तीन पॉइंट काढू द्यावेत. मी पुन्हा वही दाखवली. चूक मुळाशी होती, टोकाचे तीन काढून त्या बाईंचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. जितकं जास्त खेळावं तितकी जुनी चूक नव्या पॉइंटांखाली गाडली जाते.

रात्री लॉग, म्हणजे खेळाच्या नोंदी, काढले, तेव्हा बाईंना गोल्ड का पुरलं नाही हे कोडं सुटलं. दर ठरवताना चौदाव्या लेव्हलला हातात किती गोल्ड असतं याची सरासरी मी आमच्याच टीमच्या खेळावरून घेतली होती. आम्ही दिसेल ते उचलतो आणि काय विकायचं हे आम्हाला पाठ असतं. बाईंच्या पिशवीत तीन तलवारी होत्या, धनुर्धारीला न पेलणाऱ्या, पुढं लागतील म्हणून जपलेल्या. बाकी सगळं औषधांवर गेलेलं. आमच्या सरासरीच्या जेमतेम एक तृतीयांश गोल्ड त्यांच्याकडे होतं. म्हणजे ज्याला रिस्पेकची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो सर्वांत महाग.

पहिला अंक संपेपर्यंत रिस्पेक फुकट करायचं ठरलं, पुढचा दर नवख्यांच्या गोल्डवरून नव्यानं बांधला. विसाव्या लेव्हलची उपशाखा मात्र महागच ठेवायची, ही लीडची अट मी आनंदानं मान्य केली. तोवर खेळणाऱ्यानं बरंच पाहिलेलं असतं, तिथं वजन हवंच. पॅचमध्ये आम्हीच एखादं स्किल बदललं तर एक रिस्पेक आमच्याकडून, यावर वाद झालाच नाही. खरी मेहनत गेली ती नोड सोडवण्यात. मधला नोड काढला की त्याच्यावर टांगलेले सगळे पॉइंट सुटून हातात परत यायला हवेत, आणि दुसऱ्या वाटेनं जोडलेले असतील ते जागेवर राहायला हवेत. प्रोग्रामरनं त्यावर आठवडा घातला.

तीन आठवड्यांनी त्याच बाईंना पुन्हा बोलावलं. बसता बसता त्यांनी विचारलं, "माझी धनुर्धारी आहे का अजून?" सेव्ह फाइल मी ठेवली होती. त्यांनी ट्री उघडली, थंडीच्या पहिल्या नोडवर क्लिक केलं आणि आठही पॉइंट सुटले. सगळे आगीत जातील असं मी धरून चालले होते. त्यांनी पाच आगीत लावले, आणि दोन परत थंडीत. बॉसभोवतीची पिल्लं थंडीनं मंदावतात हे त्यांनी पहिल्या दिवशीच हेरलं होतं, आमच्या टीममध्ये कुणी तसं खेळलं नव्हतं.

बॉस दुसऱ्या खेपेला पडला. मी वहीत वेळ लिहीपर्यंत त्यांनी पुन्हा ट्री उघडली होती आणि उरलेला एक पॉइंट या नोडवरून त्या नोडवर लावून, काढून बघत होत्या.