लाठीचा मार नव्हता तो

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी मेडिकल ऑफिसर आहे. गावाचं नाव देत नाही, पेशंटची ओळख पटायला नको. हरभरा घाट्यावर आला आणि तुरीला शेंगा धरल्या की इकडे रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांचे दिवस सुरू होतात, घरटी एक माणूस जागलीला शेतात असतो, त्यामुळे रात्रीच्या ड्युटीला साप, मचाणावरून पडणं, डुकराची धडक हे येतच राहतं.

त्या रात्री पंचविशीतला एक पोरगा आला, सोबत मोठा भाऊ, काका आणि अर्धं गाव. भाऊ म्हणे, "साहेब, धुऱ्यावरून वाद व्हता, शेजाऱ्यानं अंधारात लाठीनं मारलं, आमाले रिपोट पायजे, ठाण्यात जायचं हाय." धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि रिपोट म्हणजे एमएलसी, पोलिसांकडे जाणारी केस. पोलिसांना कळवलं आणि तपासायला घेतलं. ज्याला लागलं होतं तो मात्र एक शब्द बोलत नव्हता.

उजवा खांदा सुजलेला, कॉलरबोनच्या बाहेरच्या टोकाला हात लावू देईना. आता लाठीचा वळ कसा असतो ते इथं काम करणाऱ्या डॉक्टरला पुस्तकात बघावं लागत नाही, लांबट असतो, दोन समांतर लाल रेघा आणि मधली जागा फिकट. इथं तसं काहीच नव्हतं. उभट डाग, अर्ध्या वितीच्या आसपास लांब, दोन-तीन बोटं रुंद, कडा स्पष्ट. शिवाय उजव्या गालाच्या हाडावर सूज, वरचा ओठ आतून फाटलेला, आणि उजव्या हाताच्या फक्त मधल्या बोटाला, मागच्या बाजूनं, आडवी चीर. लाठी अडवताना मार बसतो तो कोपराच्या खाली बाहेरच्या हाडावर, किंवा सगळीच बोटं सुजतात. एकट्या मधल्या बोटाला कोण मारतं?

सगळ्यांना बाहेर काढलं आणि त्याला म्हटलं, बंदूक धरतात तशी मूठ कर बरं. त्यानं माझ्याकडे बघितलं आणि रडायलाच लागला.

बाबांची दुनळी बंदूक, बारा बोअरची, शेतसंरक्षणाचं जुनं लायसन्स, तेही बाबांच्या नावावर. डुकरांचा कळप आला म्हणून यानं मचाणावर बसल्या बसल्या नळी आभाळाकडे केली आणि घाईत दोन्ही घोडे एकदम ओढले. "बंदुकीनं मले मांगं फेकून देल्लं साहेब." लायसन्सच्या भीतीनं घरच्यांनी लाठीची गोष्ट रचली, आणि धुऱ्याचा वाद तर आयता होताच.

मधल्या बोटाची चीर म्हणजे घोड्याभोवतीची लोखंडी कडी. बंदूक मागे येते तेव्हा ती कडी तिच्या मागेच असलेल्या मधल्या बोटावर आदळते. ओठ स्वतःच्याच अंगठ्यानं फुटला, खांद्यावरचा उभट डाग कुंद्याचा, म्हणजे बंदुकीच्या मागच्या लाकडी भागाचा, आणि गालावर त्याचीच वरची कड बसली. चारही जखमा एकाच धक्क्याच्या.

तेवढ्यात ठाण्यातले बीट जमादार आले. ते काही लगेच मानायला तयार नव्हते, म्हणे खांद्याचं हाड दुखावण्याएवढा जोर बंदुकीत असतो तर समोरचा तर उडूनच पडत असेल. मला हा प्रश्न मनापासून आवडला, केसपेपरच्या मागेच हिशोब मांडला. साधारण ३२ ग्रॅम छर्रे, नळीतून सुटताना वेग सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास, वजन किलोत धरून गुणाकार केला की संवेग, म्हणजे धक्क्याचं माप, १२ च्या थोडा वर. न्यूटननं १६८७ मध्ये मांडलेल्या तिसऱ्या नियमानं तेवढाच संवेग उलट्या दिशेनं बंदुकीला मिळतो. बंदूक ३.२ किलोची, म्हणजे छर्र्यांच्या शंभरपट जड, म्हणून तिचा वेग शंभरावा भाग, सेकंदाला ३.८ मीटर. ऊर्जा मात्र सारखी वाटली जात नाही, छर्र्यांना २३०० ज्यूल आणि बंदुकीला फक्त २३. जळालेल्या बारुदाचा गॅस मी धरलाच नाही, तो धरला तर धक्का अजून वाढतो. आता दोन्ही नळ्या एकदम सुटल्या की बंदुकीचा वेग दुप्पट पण ऊर्जा चौपट, जवळपास ९२ ज्यूल. म्हणजे सव्वातीन किलोचं लाकूड-लोखंड ताशी २७ किलोमीटरनं हाडावर.

आणि समोरचा उडून पडतो हे सिनेमात. गोळी बंदूकवाल्याला जेवढा धक्का देते साधारण तेवढाच समोरच्याला देऊ शकते, सगळे छर्रे ६० किलोच्या माणसाच्या अंगात अडकले तरी त्याला सेकंदाला २० सेंटिमीटरचा वेग येईल, एवढ्यानं कोणी उडत नाही. माणूस मरतो तो त्या २३०० ज्यूलनं, ते शरीर आतून फाडतात. या पोरालाही बंदुकीनं फेकलं नव्हतं, अरुंद मचाणावर बसलेल्याचा तोल गेला होता. जमादारांनी कागद दोनदा वाचला आणि मग पोराचा जबाब नव्यानं घेतला.

एक्स-रेत कॉलरबोनला बारीक क्रॅक निघाला. पट्टा बांधला, रिपोर्टमध्ये जे दिसलं ते लिहिलं, लाठीच्या माराशी जखमा जुळत नाहीत हे स्पष्ट लिहिलं. शेजारी तेव्हा घरी झोपलेला होता. त्याला पहाटे उठवून ठाण्यात न्यायचीच तयारी चालली होती.

सकाळी वडील आले. बंदूक ठाण्यात जमा झाल्याचं सांगितलं आणि म्हणाले, "आंगाले लावली का धक्का बसते, थोडी दूर धराव, असं मीच त्याले सांगतलं व्हतं, माह्या बापानंबी मले असंच शिकवलं." नेमकं हेच उलटं आहे आणि मला वाटतं गावोगाव हेच शिकवलं जातं. छर्रे ७० सेंटिमीटरची नळी पार करतात तोवर बंदूक जेमतेम ७ मिलिमीटर मागे आलेली असते. खांद्यापासून दोन बोटं अंतर ठेवलं तर ती पूर्ण वेग घेऊन येऊनच आदळते, आणि हाडावर जागच्या जागी थांबते. खांद्याच्या खळग्यात घट्ट दाबलेली असली तर सुरुवातीपासूनच शरीर तिच्यासोबत मागे झुकतं, तोच धक्का जास्त वेळात आणि जास्त अंतरावर जिरतो. तिथली झाडूची काठी खांद्याला लावून त्यांना दाखवलं, गाल कुठं, बोट कुठं, एका वेळी एकच घोडा. आणि लायसन्स तुमच्या नावावर आहे, पोराच्या हातात बंदूक द्यायची नाही, हेही त्याच दमात सांगितलं.