तुम्ही विचारलंत म्हणून: शुद्ध कारवान कुठे मिळेल?

सोलापूर जिल्ह्यात जनावरांची डॉक्टर आहे म्हटलं की पुण्या-मुंबईकडचे लोक हमखास विचारतात, "मॅडम, एकदम शुद्ध कारवानचं पिल्लू कुठे मिळेल?" कारवान म्हणजे आमच्या माळावरचं सडपातळ, वेगवान शिकारी कुत्रं. पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "आपली देशी जात आहे, ती वाचवायला नको का?" ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ हाउंडचं, म्हणजे याच कुत्र्याचं, नाव घेतलं, तेव्हापासून तर हे विचारणं फारच वाढलं. विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी हे कुत्रं कसं असतं ते सांगते. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट आणि कमरेची वर आलेली हाडं. शहरातून आलेल्या माणसाला वाटतं, याला कुणी खायलाच घालत नाही. पण धडधाकट कारवान असंच दिसतं. त्याला गुबगुबीत केलं तर ते आजारी पडेल. कानाला आणि शेपटीला रेशमी केस असले की आमच्याकडे त्याला पश्मी म्हणतात, आखूड केसांचं ते कारवान. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या एका केनेल संस्थेच्या वहीत त्याची नोंद कारवान म्हणून होते, दुसरीच्या वहीत मुधोळ म्हणून. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे राजांनी बेरड शिकाऱ्यांकडची ही कुत्री हेरली, त्यांची नीट पैदास केली आणि इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जला एक जोडी भेट दिली, हा इतिहास सगळे सांगतात. पण राजवाड्यानं जेवढं केलं त्याहून जास्त माळावरच्या वस्त्यांनी केलं.

वस्तीवर पिल्लू कसं निवडतात ते पाहण्यासारखं असतं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे लसी टोचायला गेले होते. त्यांनी मादीला उभं केलं आणि तिच्या कमरेच्या दोन हाडांमध्ये आपली बोटं आडवी ठेवून रुंदी मोजली. मग पुढच्या पायांमधून हात घालून छाती किती खाली उतरलीय ते चाचपलं. "डॉक्टरीणबाई, रंगाचं काय घेऊन बसलात? दम बघा दम," म्हणाले. नर कुठला लावला विचारलं, तर दोन गावं पलीकडचा. का, तर आपल्या वाड्यातले नर सगळे हिचेच भाऊ. वंशावळीचा एकही कागद न ठेवता या माणसानं जवळच्या नात्यातली जोड टाळली होती. याला मी खरी पैदास म्हणते. यात निष्ठुरपणाही होता, तो झाकायचं कारण नाही. अशक्त पिल्लं मरू दिली जात आणि जे पळेना त्याला घास मिळत नसे.

हे सगळं ज्या कामासाठी चाललं होतं ते, म्हणजे सशाची शिकार, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झालं. ते बंद व्हायलाच हवं होतं. मात्र अवघड नैतिक प्रश्न तिथूनच सुरू होतो. काम संपल्यावर जात कशाच्या आधारावर जपायची?

आयर्लंडमध्ये हेच घडलं. अठराव्या शतकात तिथले लांडगे संपले आणि लांडग्यामागे धावणारं आयरिश वुल्फहाउंडही संपत आलं. १८६२ पासून कॅप्टन ग्रॅहम यांनी उरलीसुरली कुत्री गोळा केली, त्यात डिअरहाउंड, ग्रेट डेन, बोर्झोई या दुसऱ्या जातींचं रक्त मिसळलं आणि जात पुन्हा उभी केली. काहींच्या मते ते मूळचं कुत्रं राहिलंच नाही. मला त्या वादात रस नाही. मला टोचतं ते हे, की आज हे भव्य कुत्रं सरासरी ७ वर्षांच्या आसपासच जगतं आणि हृदयाच्या दुखण्यानं किंवा हाडांच्या कर्करोगानं जातं. कामाची कसोटी गेली आणि देखणेपणाची आली, की शरीर असं हळूहळू मागे पडतं.

आता 'शुद्ध' या अटीबद्दल. डाल्मेशियनचं, म्हणजे अंगभर ठिपके असलेल्या कुत्र्याचं, उदाहरण मी प्रत्येकाला सांगते. या जातीच्या एकूण एक कुत्र्यांत एक जनुकीय दोष पसरला होता. त्यामुळे लघवीत युरिक आम्ल फार उतरतं, खडे होतात. नरांची मूत्रनलिका अरुंद, त्यात खडा अडकला की लघवी तुंबते. लघवी तुंबलेला कुत्रा ज्यानं पाहिलाय त्याला ती तडफड सांगायला नको. सगळ्यांतच दोष असल्यानं जातीच्या आत निवड करून तो जाणं शक्यच नव्हतं. १९७३ मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञानं एकदाच पॉइंटर या दुसऱ्या जातीच्या कुत्र्याशी संकर केला आणि पुढे पिढ्यानपिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोड लावली. कुत्री दिसायला डाल्मेशियन राहिली आणि रोग गेला. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबनं त्यातली दोन नोंदवून घेतली, पण डाल्मेशियनवाल्यांनीच विरोध केला आणि दार बंद झालं. ते उघडायला २०११ साल उजाडलं. मधली ३० वर्षं औषध समोर असून कुत्री खड्यांनी तळमळली, कारण वहीतली रेघ मोडायची नव्हती. इतका राग मला दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा येत नाही.

याचा अर्थ संकर केला की सगळं छान होतं, असा मात्र नाही. लॅब्राडूडलची, म्हणजे लॅब्राडॉर आणि पूडलची, जोड ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरन यांनी अगदी रास्त कारणासाठी लावली होती. एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता आणि त्यांच्या नवऱ्याला केसांची ॲलर्जी होती. तीन पिल्लं झाली, त्यातलं एकच त्या घराला चाललं. पुढे लोकांनी नावावरून बाजार मांडला आणि खुद्द कॉनरन यांनी आपल्याला या गोष्टीचा पश्चात्ताप होतो असं जाहीरपणे सांगितलं. आमच्याकडेही शर्यतीसाठी कारवानला ग्रेहाउंडचा नर लावतात. माझा आक्षेप त्या संकराला नाही. तेच पिल्लू 'शंभर टक्के शुद्ध' म्हणून विकलं जातं, त्याला आहे.

आणि पग. एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनं हे कुत्रं आपल्या घराघरात आणलं. उन्हाळ्यात आमच्या दवाखान्यात रोज एखादं तरी असतं. कुत्र्याला घाम गाळून गार होता येत नाही, ते श्वासानंच गार होतं. पगच्या नाकपुड्या म्हणजे दोन चिरा, आत टाळू लांबलेली, आणि बाहेर सोलापूरचा मे महिना. जीभ निळी पडलेली, मालक घाबरलेला. हा अपघात नव्हे. पिढ्यानपिढ्या माणसांनी चपटं तोंड पसंत केलं, त्याची किंमत ते जनावर प्रत्येक श्वासाला मोजतं.

तेव्हा माझं मत असं: जात जपावी, गरज पडली तर सुधारावी, संपत आली तर पुन्हा उभीही करावी. पण कुत्र्याला मोकळा श्वास घेता आला पाहिजे, पळता आलं पाहिजे आणि मादीला आपलं आपण विता आलं पाहिजे. या तिन्हींतलं एकही ज्यामुळे जातं ती पैदास मला मान्य नाही, मग जात कितीही जुनी आणि कितीही आपली असो. कारवानमध्ये हे तिन्ही अजून शाबूत आहे. दोन-चार बक्षीसपात्र नरांचीच पिल्लं जिल्हाभर पसरली आणि रंग बघून जोडी ठरू लागली, तर ते हातचं जाईल. ही घसरण मला माझ्याच भागात सुरू झालेली दिसते.

पिल्लू घ्यायचंच असेल तर फोनवरच्या फोटोवरून घेऊ नका. वस्तीवर जा. आई बघा, तिला पळताना बघा. बाप कुठला आणि तिचा कोण लागतो, ते विचारा. मादीचं हे कितवं वेत ते विचारा. कुत्र्यांच्या पैदाशीबद्दलच्या २०१७ च्या सरकारी नियमांनुसार १८ महिन्यांच्या आत मादीची पैदास करता येत नाही आणि उभ्या आयुष्यात पाचाहून जास्त वेतं घेता येत नाहीत. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणंही बेकायदा आहे, कुणी देऊ केलं तर घेऊ नका. आणि रोज मोकळं पळायला सुरक्षित जागा नसेल तर कारवान नकोच. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्याला ठेवून देशी जात वाचत नाही. त्याऐवजी तुमच्या गल्लीतलं एखादं पिल्लू घरी न्या, लस टोचून घ्या. कारवान पाळणाऱ्या आमच्याकडच्या माणसांना लसींसाठी आणि नोंदवह्यांसाठी मदत हवी असते. ती करायची असेल तर मला जरूर विचारा, गावं मी सांगते.