दुनळी कुठली घेऊ?

बदकांच्या शिकारीसाठी दुनळी, म्हणजे दोन नळ्यांची छर्‍याची बंदूक, कुठली घ्यावी हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सांगलीत बाबांचं बंदूकदुरुस्तीचं दुकान होतं. त्यांच्या मागं वीसेक वर्षं मी चालवलं. दुकान बंद केलं, पण एक प्रश्न अजून येतोच: "बदकांसाठी दुनळी कुठली चांगली?"

इथली पोरं विचारतात तेव्हा माझं उत्तर एकच, कुठलीच नाही. 1969 साली मी नऊ वर्षांचा होतो. बाबांबरोबर सातारा जिल्ह्यातल्या मायणीच्या तलावावर पहाटे गेलो होतो, काडतुसांची पिशवी माझ्या खांद्यावर. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि बाबांनी बदकांवर बार काढणं त्याच वर्षी थांबवलं. पुढं 1991 च्या दुरुस्तीनं कायद्यातल्या शिकारीच्या परवान्यांच्या तरतुदीच गेल्या. आज बदक मारलंत तर तीन वर्षांपर्यंत तुरुंग आहे. शेतराखणीसाठी मिळालेला बंदुकीचा परवाना तळ्यावर चालत नाही. आणि कायदा नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. हिमालय ओलांडून पट्टकादंब जातीचे रानहंस आपल्या दुष्काळी तळ्यांवर उतरतात. आल्या पाहुण्यावर नळी रोखायची?

गेल्या महिन्यात मात्र भाच्याचा फोन आला, कॅनडातून. सस्कॅचेवानमध्ये नोकरीला आहे. रीतसर परवाना काढलाय, दिवसाला किती पक्षी ते तिथलं सरकार ठरवून देतं. "मामा, जुनी साइड-बाय-साइड, शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी, मिळतेय स्वस्तात. घेऊ का?" त्याला जे सांगितलं ते इथं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, बंदूक अंगाला बसली पाहिजे. छर्‍याच्या बंदुकीनं रायफलीसारखा नेम धरत बसत नाहीत. नजर पक्ष्यावर राहते, नळ्या नजरेमागं जातात. म्हणजे नेम धरायची मागची खूण, मागची माशी, हा तुमचा डोळाच. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकणारा लाकडी भाग, लांब असेल तर तो काखेत अडकतो, आखूड असेल तर अंगठा नाकावर आपटतो. बाबा गिर्‍हाइकाला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला सांगायचे. मग म्हणायचे, "उघडा." नळ्यांवरची पट्टी सरळ दिसली तर ठीक, एका बाजूनं दिसली तर दस्ता वळवायचा. भाच्याला वर एवढंच सांगितलं की दुकानात जाताना थंडीतला जाड कोट अंगावर घालून जा. सांगलीत सदर्‍यावर बसलेली बंदूक तिथं अर्धा इंच लांब पडते. उजव्या खांद्याला लावणार्‍याचा डावा डोळा जोरदार असेल तर सगळंच फसतं, तेही आधी तपासून घ्यायचं.

आता जुन्या बंदुकीचं. बाराबोअर म्हणजे एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातल्या एकीचा जो व्यास, तेवढी नळी, साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. पण बोअर सारखा असला म्हणून काडतूस सारखं नसतं. जुन्या विलायती बंदुकांचं चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, बहुधा अडीच इंची, साधारण 65 मिलिमीटर. हल्लीचं नेहमीचं काडतूस 70 चं, आणि ते त्या चेंबरमध्ये बिनबोभाट बसतं! कारण काडतुसाची लांबी बार झाल्यावर, तोंड उलगडल्यानंतरची मोजतात. आखूड चेंबरमध्ये ते तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. एका बागाईतदाराची वाडवडिलार्जित बंदूक अशीच आमच्याकडं आली होती, सांधे ढिले झालेली. माणूस सुखरूप होता हे नशीब. नळ्यांच्या बुडाशी तपासणीचे छाप असतात, ते वाचल्याशिवाय पैसे मोजू नका. नळीवर दमास्कसची, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेल्या नळीची, लहरी नक्षी दिसली तर ती भिंतीवरच शोभते. त्यातल्या बहुतेक नळ्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या.

नळ्या काढून अंगठ्यावर लोंबत्या धरायच्या आणि टिचकी मारायची. स्वच्छ, लांबणारा नाद आला पाहिजे. बद्द आवाज आला तर मधल्या पट्टीची डाखणी सुटलेली. मिरजेचे तंतुवाद्य करणारे कारागीर भोपळ्यावर टकटक करून ऐकतात ना, बाबा तसेच ऐकायचे.

कॅनडात पाणपक्ष्यांवर शिसं चालत नाही, 1999 पासून. ते योग्यच आहे. चिखलात पडलेले छर्रे बदकं खडे समजून गिळतात, पोटातल्या पेषणीत ते झिजतात आणि पक्षी विषबाधेनं झुरून मरतो. पण पोलादी छर्रा शिशासारखा दबत नाही. जुन्या, पातळ, फुल चोकच्या नळीतून तो घातलात तर तोंडाशी फुगवटा येऊ शकतो. फुल चोक म्हणजे तोंडाशी आवळलेली नळी. चाळीस यार्डांवर तीस इंची वर्तुळात साधारण सत्तर टक्के छर्रे टाकणारी. पोलादाला अर्ध्या चोकच्या पुढं जाऊ नये. युरोपातल्या नव्या बंदुकांवर लिलीच्या फुलाची खूण असेल तर ती जोरदार पोलादी काडतुसांसाठी तपासलेली समजायची. जुनीच घ्यायची असेल तर बिस्मथ या पोलादापेक्षा मऊ धातूची काडतुसं, महाग असली तरी. पोलाद शिशापेक्षा हलकं, म्हणून छर्रा दोन नंबरांनी मोठा घ्यावा लागतो. सहाच्या जागी चार. आकडा उतरतो तसा छर्रा मोठा होतो, नवा माणूस इथं हमखास गोंधळतो.

नळ्या शेजारी-शेजारी की वर-खाली? बदकांसाठी माझं मत शेजारच्यांकडं. वर-खाली बंदूक भरायला जास्त उघडावी लागते, आणि खड्ड्यात किंवा होडीत दबून बसलेल्याला तेवढी जागा नसते. नळ्या तीस इंची, वजन साडेतीन किलोच्या आतबाहेर. हलकी बंदूक हातात छान वाटते, पण भारी काडतुसाचा सगळा धक्का खांदा खातो. रिकामी काडतुसं उडवणारा इजेक्टर मला पाणथळीत नकोच, टरफलं चिखलात जातात. चाप मात्र दोन हवेत. पुढचा चाप उजव्या, मोकळ्या नळीचा. मागचा डाव्या, आवळलेल्या नळीचा. पक्षी जवळ की लांब, ते बोटानंच ठरतं.

आणि दुसरी नळी कशासाठी? भाच्याला वाटलं, दुसर्‍या पक्ष्यासाठी. बाबांचा नियम असा होता की दुसरा बार पहिल्याच पक्ष्याचा. जखमी होऊन लव्हाळ्यात शिरलेलं बदक सापडत नाही, दोन दोन दिवस तडफडतं. मायणीला एकदा अंधार पडेपर्यंत आम्ही असं एक थापट्या बदक शोधत होतो. बाबा मांडीभर पाण्यात, मी काठावर. सापडलं नाही. घरी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत.

रानहंस आकारानं मोठा, त्यामुळं आहे त्यापेक्षा जवळ वाटतो. भाच्याला म्हटलं, मैदानात पस्तीस पावलांवर कागद लाव, त्यावर तीस इंची वर्तुळ काढ. घेतलेल्या काडतुसांनी दोन्ही नळ्यांतून पाच-पाच बार काढ आणि प्रत्येक वेळी नवा कागद लावून भोकं मोज. पस्तीस पावलांच्या पलीकडचा पक्षी जाऊ दे. काल त्यानं कागदांचे फोटो पाठवले. डावी नळी हातभर वर मारतेय. ती बंदूक परत कर म्हणून सांगितलं.