पैसे नसताना रहस्यपट कसा करायचा?

एकांकिका करता करता शॉर्टफिल्मकडे वळलेली पुण्यातली मुलं मला हे नेहमी विचारतात. हाताशी पैसे नाहीत आणि लोकेशन म्हणजे मित्राची सदाशिव पेठेतली खोली. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: आधी ‘द व्हिसलर’ बघा. हॉलिवूडच्या कोलंबिया स्टुडिओने १९४४ मध्ये काढलेला, तासाभराचा, कमी खर्चातला चित्रपट. दिग्दर्शक विल्यम कॅसल तेव्हा तिशीच्या आतला होता.

मूळ त्याच नावाची रेडिओमालिका, सीबीएस या अमेरिकन रेडिओ नेटवर्कवर १९४२ मध्ये सुरू झालेली. चित्रपटाची गोष्ट अशी: बायको गेली असं समजून खचलेला एक माणूस मध्यस्थामार्फत स्वतःच्याच खुनाची सुपारी देतो. मग कळतं, बायको जिवंत आहे. सुपारी मागे घ्यावी तर मध्यस्थच मेलेला. मारेकरी कोण, हे त्याला ठाऊक नाही. आपल्याला मात्र दिसत असतो. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्या साध्या माणसाकडेही सुपारी देणारा ज्या नजरेने बघतो, ती आपल्याला छळते. या भीतीला सेट लागत नाही.

योगायोग जरा जास्तच आहेत, पण मला भावतो तो निवेदक. रेडिओवर तो शीळ घालत यायचा आणि सगळ्यांची गुपितं सांगायचा. पडद्यावर आणताना त्याला चेहरा द्यायचा मोह कुणालाही झाला असता. इथे भिंतीवर सावली आहे, शीळ आहे आणि आवाज आहे, बस्स. एक दिवा आणि एक भिंत एवढ्यात अख्खं पात्र उभं राहिलं! पुढे १९४८ पर्यंत या मालिकेचे एकूण आठ चित्रपट निघाले. पहिल्या सातांत नायक रिचर्ड डिक्सच, दर वेळी वेगळ्या भूमिकेत.

आकाशवाणीवरच्या श्रुतिका ऐकत वाढलेल्यांना यात नवल वाटणार नाही. जिन्यावरची पावलं ऐकली की जिना आपणच बांधतो. म्हणून माझा आग्रह असतो, संहिता आधी श्रुतिका म्हणून बसवा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, दिवे घालवून ऐका. जिथे कंटाळा येईल तिथे संहितेतच खोट आहे, महागडी लेन्स ती झाकणार नाही. आणि जिथे नुसत्या कडीच्या आवाजाने छातीत धस्स होईल, तिथे दार दाखवूच नका.

ते रेकॉर्डिंग घेऊन या, मनापासून ऐकेन. कॅमेऱ्याचं भाडं तोवर भरू नका.