टप्पा पडला आणि प्रोपेलर गेला

आज फ्लाइंग क्लबवर एक हार्ड लँडिंग बघितलं. इकडे जर्मनीत ट्रेनिंगला फाल्के नावाचा मोटर ग्लायडर बऱ्याच क्लबमध्ये असतो, दोन सीट शेजारी शेजारी, पंख 15 मीटरच्या वर आणि पुढे छोटंसं इंजिन. आमच्यातला एक स्टुडंट इन्स्ट्रक्टरसोबत सर्किट मारत होता (टेकऑफ, धावपट्टीभोवती एक फेरी, परत लँडिंग), फ्लेअर म्हणजे टेकण्याआधी नाक उचलणं थोडं वरच झालं, पंखांवरचे एअरब्रेक बाहेर, स्पीड गेला आणि विमान धप्पकन खाली, मग टप्पा खाऊन परत वर. इथपर्यंत ठीक होतं हो, असे टप्पे सगळ्यांचेच पडतात. पण वर गेल्यावर माणूस घाबरून स्टिक पुढे ढकलतो ना, तिथे खरा घोळ होतो, दुसरा दणका पहिल्यापेक्षा जोरात बसतो आणि तोही नाकावर. खरं तर नाक जागेवर धरायचं, ब्रेक बंद करायचे, फुल थ्रॉटल आणि गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून परत वर जायचं, साध्या बिनइंजिनाच्या ग्लायडरला ही सोय नसते, याला आहे. पण हे सगळं एक-दोन सेकंदात, इन्स्ट्रक्टर तरी काय करणार!

इथेही तेच झालं, प्रोपेलरचे तुकडे गवतात. दोघं आपापल्या पायांनी बाहेर आले, तरी इन्स्ट्रक्टरची पाठ दुखतेय म्हणून एक्स-रेला पाठवलं, अशा दणक्यात मणक्याला लागू शकतं. आता इंजिनही उघडून तपासावं लागणार, कारण प्रोपेलर आपटला की झटका थेट क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनातल्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याला जातो. म्हणजे पुढचे बरेच वीकेंड सगळ्यांचंच या विमानावरचं फ्लाइंग बंद. आणि हा स्टुडंट पठ्ठ्या संध्याकाळी विचारतोय, दुसऱ्या विमानावर स्लॉट मिळेल का 😄