तुम्ही विचारलंत म्हणून: निवृत्त ख्रिस्ती पाळक दिवसभर काय करतो?

"पाळकसाहेब, आता मंडळी नाही, कमिट्या नाहीत, मग दिवसभर करता काय?" नागपुरातल्या सदर भागातल्या बाजारात जुने सभासद भेटले की हमखास विचारतात. पूर्ण निवृत्ती अशी नाहीच. कुठे पाळक रजेवर असले, एखाद्या लहान मंडळीला, म्हणजे चर्चला, पाळकच नसला, की रविवारची भक्ती आणि भाकर-द्राक्षरसाचं प्रभुभोजन माझ्याकडे येतं. बाकीचे सहा दिवस त्या रविवारच्या तयारीत जातात.

पहाटे मोठ्याने बायबलमधली स्तोत्रं वाचतो. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, प्रार्थनापुस्तकात दीडशे स्तोत्रं महिन्याच्या ३० दिवसांत, सकाळ-संध्याकाळ वाटून दिलेली आहेत. आमचं घराणं नागपुरात काम केलेल्या मिशनरी हिस्लॉपसाहेबांच्या स्कॉटिश मिशनमधलं, आमच्याकडे ही रीत नव्हती. २९ नोव्हेंबर १९७० ला इथल्याच ऑल सेंट्स कथीड्रलमध्ये वेगवेगळ्या परंपरांच्या सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि अशा कितीतरी रीती एकमेकांच्या घरी आल्या. मला मिळालेली ही सगळ्यांत मोलाची. २४ तारखेच्या संध्याकाळी ११९ वं स्तोत्र सुरू होतं. १७६ ओव्यांचं ते, २६ च्या संध्याकाळपर्यंत पुरतं. आपलं मन प्रसन्न असलं तरी त्या दिवशी विलापाचं स्तोत्र आलं, तर तेच म्हणायचं. कुणीतरी त्या दुःखात असतंच, त्याच्या वतीने म्हणायचं. स्वतःच्या मर्जीने स्तोत्र निवडण्यापेक्षा मला हे बरं वाटतं.

मग चहा, पोहे, आणि ऊन चढायच्या आत आजारी माणसांकडे एखादी फेरी. बारा वाजता आम्ही दोघं जेवतो: ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, वरण-भात. मंडळीत असताना अंत्यविधी, लग्नं, हिशेब यांत जेवणाची वेळ कधी पाळली गेली नाही. आता आशीर्वाद मागून सावकाश जेवतो, आणि बायको शेजारपाजारचं सांगते ते नीट ऐकतो. उपदेशातल्या अर्ध्या गोष्टी मला याच ताटावर सापडतात.

दुपारी पडदे ओढून, कूलर लावून लिहायला बसतो. मंडळीत असताना उपदेशाला शनिवारची रात्रच उरायची. आता सोमवारी शास्त्रपाठ वाचून ठेवतो आणि बुधवारपर्यंत एक ओळही लिहीत नाही. पंडिता रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटापर्यंत खपून मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर शेजारी उघडं असतं.

सध्या योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय चालू आहे. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाती आलेल्या शिष्यांसाठी पुनरुत्थित येशूने किनाऱ्यावर कोळशाचा विस्तव पेटवून मासे आणि भाकर तयार ठेवली आहे. कित्येकदा वाचलेला भाग. पण यंदा मागची पानं उलटताना लक्षात आलं, याच शुभवर्तमानात याआधीही एक कोळशाचा विस्तव आहे, प्रमुख याजकाच्या वाड्यात. येशूच्या अटकेच्या रात्री तिथेच त्याचा शिष्य पेत्र याने त्याला तीनदा नाकारलं. किनाऱ्यावर येशू त्याला त्या रात्रीबद्दल एक शब्द विचारत नाही. आधी पोटभर खाऊ घालतो, मग "माझ्यावर प्रीती करतोस का?" हे तीनदा विचारतो, आणि मेंढरं सोपवतो. आपण माणसाला आधी जाब विचारतो, जेवायला नंतर बोलावतो.

शुक्रवारी सगळं हाताने उतरवून बायकोला वाचून दाखवतो. ती जिथे थांबवते ते वाक्य जातं. तिच्या आईला जे कळलं नसतं, ते मंडळीत बोलायचं नाही, हा तिचा नियम मला पटतो. पंधरा मिनिटांच्या वर मी बोलत नाही.

या रविवारी ज्या मंडळीत जायचंय, तिथे दोन घरांचं कित्येक दिवस बोलणं बंद आहे. भक्तीनंतर सगळ्यांचं जेवण ठेवा, असा निरोप मी आधीच पाठवलाय.